काळ सांगतो, कृष्ण समजावतो

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात एक अवघडलेला प्रसंग आहे. युद्ध होऊन गेले आहे, धर्मराज गादीवर आहे आणि कृष्ण द्वारकेला परतण्याच्या बेतात आहे. अशा वेळी अर्जुन त्याला सांगतो की, रणांगणावर तू मला जे सांगितलेस ते माझ्या मनातून निसटून गेले, जाण्याआधी पुन्हा एकदा सांग. कृष्णाला हे आवडत नाही. तो अर्जुनाला बोल लावतो, आणि म्हणतो की तेव्हा मी योगयुक्त होऊन बोललो होतो, ते सगळे जसेच्या तसे पुन्हा सांगणे आता मलाही शक्य नाही. मग तो एक जुना इतिहास सांगायला घेतो. तीच अनुगीता. गीतेच्या शब्दाशब्दावर भाष्ये झाली, पण अनुगीतेकडे फारसे कोणी फिरकत नाही, कारण मूळ हाताशी असताना तिची नवी आवृत्ती कोण वाचणार? तरीही तत्त्वविचाराच्या दृष्टीने हा प्रसंग फार मोलाचा आहे. सांगणारा तोच, ऐकणारा तोच, मधे फार वर्षे गेलेली नाहीत, आणि तरी पुनर्कथन मुळासारखे होत नाही. ते तसे होणार नाही, हे प्रत्यक्ष सांगणाराच कबूल करतो. मग पुनर्कथनाने नेमके काय जपायचे असते? मुळातला अर्थ, की मुळातली अडचण? माझे उत्तर असे आहे की ज्या ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या न सुटलेल्या प्रश्नांत आहे, त्याचे पुनर्कथन करताना आधी अडचण जपावी लागते. स्पष्टीकरण हवे तेवढे करावे, पण ते कथेच्या बाहेर, आपल्या स्वतःच्या आवाजात करावे. आणि या बाबतीत आजच्या दूरचित्रवाणी मालिकांपेक्षा बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईची जुनी ग्रंथपरंपरा अधिक सावध होती.

बी. आर. चोप्रांची ‘महाभारत’ मालिका १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी दिसली. संवाद राही मासूम रझांचे होते. २०१३ साली स्टार प्लसवर सिद्धार्थ कुमार तिवारींच्या स्वस्तिक प्रॉडक्शन्सने तीच कथा नव्याने उभी केली आणि २०१४ मध्ये ती संपली. मधल्या काळात २००८ साली एकता कपूरचाही एक प्रयत्न होऊन गेला, त्याबद्दल न बोललेलेच बरे. २०२०च्या टाळेबंदीत चोप्रांची मालिका पुन्हा दाखवली गेली, आणि ज्यांनी नवी आधी पाहिली होती अशा पिढीने जुनी नंतर पाहिली. साहजिकच तुलना सुरू झाली. ती बहुधा मुकुट, दागिने, पिळदार दंड, संगणकावर काढलेले महाल यांच्याभोवतीच फिरत राहिली. या गोष्टी किरकोळ आहेत. जुन्या मालिकेतले बाण आज हसू आणतात, नव्या मालिकेतले महाल वीस वर्षांनी आणतील. खरा बदल निवेदकाच्या जागेवर झाला आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. चोप्रांच्या मालिकेत कथा सांगतो तो ‘समय’, म्हणजे काळ. त्याला चेहरा नाही, फक्त हरीश भिमानींचा आवाज आहे आणि फिरणारे चक्र आहे. नव्या मालिकेत ही जागा कृष्णाने घेतली. सौरभ राज जैनने रंगवलेला कृष्ण कथेतून बाहेर पडून थेट प्रेक्षकांकडे पाहतो आणि प्रतिज्ञा, अहंकार, भय, संततीचा मोह अशा एकेका विषयावर बोध करतो. कथेत कृष्णाचा जन्मही झालेला नसतो, तेव्हापासून हा बोध सुरू होतो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. ते कळण्यासाठी मुळात गोंधळ कोठे आहे हे पाहावे लागते. महाभारत गोंधळात टाकते ते पात्रे फार आहेत म्हणून नव्हे. वंशावळीचा एक तक्ता भिंतीवर लावला की तो गोंधळ मिटतो. खरा गोंधळ सभापर्वात आहे. धर्मराज आधी भावांना हरतो, मग स्वतःला हरतो, आणि शेवटी शकुनीने सुचवल्यावर द्रौपदीला पणाला लावतो. निरोप घेऊन आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठवते आणि विचारायला सांगते की, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? हा प्रश्न सभेत येतो आणि तिथेच अडकतो. धर्मराज गप्प. भीष्म म्हणतो की जो स्वतःच धनी उरला नाही त्याला दुसऱ्याचा पण लावता येत नाही हे खरे, पण स्त्री पतीच्या अधीन असते हेही खरे, आणि धर्म सूक्ष्म असल्याने मला निवाडा करता येत नाही. विकर्ण उठून ती जिंकली गेलेली नाही असे कारणे देऊन सांगतो, कर्ण त्याला पोरकट ठरवून खाली बसवतो. विदुर विरोचन आणि सुधन्व्याची कथा सांगून सभेला बजावतो की विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे हाही अधर्मच. अर्जुन अगदी शेवटी म्हणतो की स्वतःला हरण्याआधी युधिष्ठिर आमचा स्वामी होता, हरल्यावर तो कोणाचा स्वामी उरला हे कुरूंनी ठरवावे. आणि कुरूंनी ठरवण्याआधी धृतराष्ट्राच्या अग्निहोत्रशाळेत कोल्हे ओरडतात, म्हातारा घाबरतो आणि वर देऊन मोकळा होतो. म्हणजे द्रौपदी सुटते, पण प्रश्न सुटत नाही. पुढे शरपंजरी पडलेला हाच भीष्म शांतिपर्व आणि अनुशासनपर्वात धर्माबद्दल एवढे बोलतो की ऐकणारा थकावा, पण त्या एका प्रश्नाकडे तो परत येत नाही. व्यासांच्या रचनेत हे दोन प्रसंग एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, आणि वाचकाने अस्वस्थ व्हायचे ते या दोहोंच्या मधल्या जागेत.

आता या सभेबद्दल काळाने बोलणे आणि कृष्णाने बोलणे यांतला फरक पाहा. काळ साक्षी आहे. तो पक्षकार नाही, त्याला काही मिळवायचे नाही, आणि झालेले बदलण्याची ताकदही त्याच्यात नाही. तोही उपदेश करतो, काही वेळा भरमसाट करतो, पण त्याचा उपदेश ऐकताना प्रेक्षकाला वाटू शकते की हे एका वृद्ध साक्षीदाराचे मत आहे. कृष्णाचे तसे नाही. या युद्धात तो एका बाजूला आहे. त्याची सेना कौरवांकडे असली, तरी तो स्वतः पांडवांचा सारथी आहे. शिखंडीमागून सुटलेले बाण, अश्वत्थाम्याच्या मरणाची अर्धसत्य बातमी, रथाचे चाक उचलणारा कर्ण, मांडीवर बसलेली गदा या चारही ठिकाणी त्याचा सल्ला, संमती किंवा खूण आहे. जो या घटनांमध्ये गुंतलेला आहे त्यानेच भाग संपताना येऊन त्यांचे तात्पर्य सांगायचे, हे न्यायदानाच्या साध्या संकेतालाही सोडून आहे. वकिलाने युक्तिवाद करावा आणि निकालही त्यानेच वाचून दाखवावा, असा हा प्रकार झाला. नवी मालिका अधिक भाविक आहे म्हणून माझी तक्रार नाही. भाविकपणा चोप्रांच्या मालिकेतही भरपूर होता, आणि तिच्यात कृष्ण झालेल्या नितीश भारद्वाजच्या तसबिरीला हात जोडणारी माणसे होती. तक्रार इतकीच की ज्याच्याबद्दल प्रश्न विचारायचे त्याच्याच हाती उत्तरपत्रिका दिली गेली.

यावर भक्ताचे उत्तर तयार आहे, आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाही. कृष्णाला पक्षकार म्हणणे हीच मुळात चूक आहे, तो परमात्मा आहे, परमात्म्याला पक्ष नसतो, आणि गीतेत तो काळही मीच असे सांगतो, तेव्हा काळ बोलला काय आणि कृष्ण बोलला काय, फरक कुठे राहिला? श्रद्धेच्या पातळीवर या युक्तिवादाला माझ्यापाशी खंडन नाही. पण प्रश्न श्रद्धेचा नसून कथेचा आहे, आणि कथेने कृष्णाला प्रश्नांपासून सूट दिलेली नाही. स्त्रीपर्वात शंभर मुलांची प्रेते पाहिलेली गांधारी त्याला विचारते की तुझ्यात सामर्थ्य असताना तू हे थांबवले का नाहीस, आणि छत्तीस वर्षांनी तुझ्या कुळाचाही असाच नाश होईल असा शाप देते. कृष्ण तो शाप स्वीकारतो. पुढे द्वारकेच्या वाटेवर उत्तंक ऋषी भेटतात. युद्ध टाळले नाही म्हणून तेही शाप द्यायला उठतात, तेव्हा कृष्णाला आपली बाजू मांडावी लागते. व्यासांनी ईश्वराला ईश्वरच मानले आहे, आणि तरीही एका आईला आणि एका तपस्व्याला त्याच्यासमोर उभे राहून जाब विचारू दिला आहे. ईश्वरत्व आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी मुळात एकत्र नांदतात. भाग संपताना स्मित करत बोध करणाऱ्या कृष्णासमोर गांधारी कोठून येणार? पडद्याच्या त्या चौकटीत तो एकटाच असतो. त्याच्याशी बोलायला तिथे अर्जुनसुद्धा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. सामान्य माणसाला सूक्ष्म धर्म वगैरे नको असतो, दिवसभर राबून आलेल्याला चार शब्द समजतील असे सांगा, अवघड ठेवण्यात पंडितांचाच फायदा. हा आक्षेप बीड जिल्ह्याच्या संदर्भात तपासण्यासारखा आहे, कारण अवघड ज्ञान सोप्या भाषेत आणण्याचा मराठीतला सर्वांत जुना मानला गेलेला प्रयत्न परंपरेने इथलाच. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे इसवी सन ११८८चा, असे मानले जाते. या कालनिर्णयाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, आणि ग्रंथातली अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरे याबद्दलही आहेत. समाधी मात्र अंबाजोगाईला आहे आणि गावाने तो वाद कधीच निकालात काढला आहे. मुकुंदराजांची भूमिका अशी की वेदान्त मराठीत आणल्याने तो उणा होत नाही. म्हणजे सुलभीकरणाचा आरोप त्यांच्यावर आधी व्हायला हवा. पण विवेकसिंधूची घडण पाहिली तर तो गुरू आणि शिष्य यांचा संवाद आहे. शिष्य शंका काढतो, गुरू त्या फेडतो, आणि शंका फेडण्याच्या खटपटीत विषय पुन्हा खोल जातो. संस्कृत न येणाऱ्यासाठी दार उघडले, पण आतली चढण सपाट केली नाही. भाषा सोपी करणे आणि प्रश्न सोपा करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. राबून आलेल्या माणसाला पहिली हवी असते. त्याला दुसरीही हवी असते, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. ज्याने मुकादमाची उचल घेतली आहे आणि जो सहा महिन्यांसाठी बायकोला घेऊन ऊसतोडीला चालला आहे, त्याला एकाच्या देण्यापायी दुसरे माणूस बांधले जाऊ शकते का, हा द्रौपदीचा प्रश्न समजावून सांगावा लागेल असे मला वाटत नाही.

अंबाजोगाईचेच दुसरे नाव दासोपंत. सोळाव्या शतकाच्या मध्याला नारायणपेठेत जन्मलेला हा दत्तभक्त पुढे अंबाजोगाईला स्थिरावला आणि १६१५च्या सुमारास तिथेच देह ठेवला. त्याचा ‘गीतार्णव’ परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, आणि गीतेचे श्लोक सातशे. म्हणजे ज्या महाभारताला शतसाहस्री संहिता म्हणतात, त्याच्या एका लहानशा भागावरची ही टीका संख्येने आख्ख्या महाभारतापेक्षा मोठी. एवढे करून त्याचे भागले नाही. गीतेवर त्याने आणखीही लिहिले. पुनर्कथनाची हौस हा जर दोष असेल तर दासोपंतांइतका दोषी माणूस मराठीत सापडणार नाही. तरीही गीतार्णवाने गीतेची जागा घेतली नाही, आणि तो लोकप्रिय झाला नाही हे त्याचे एकमेव कारण नव्हे. टीका या प्रकाराची बांधणीच अशी असते की ती श्लोकाला धरून चालते. आधी श्लोक, मग त्यावर ओव्या, पुन्हा श्लोक. टीकाकार कितीही वाहवत गेला तरी वाचकाला प्रत्येक पानावर दिसत राहते की हे व्यासांचे आणि हे दासोपंतांचे. मतभेदाला जागा राहते ती या शिवणीत. दासोपंतांची पासोडी तर याहून बोलकी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले, म्हणजे पाच सूक्ष्म भूतांपासून ही स्थूल सृष्टी कशी घडली त्याचा उलगडा. विषय विलक्षण क्लिष्ट. तो सुटसुटीत करण्यासाठी त्यांनी काही गाळले नाही, उलट चाळीस फूट जागा घेतली. वाचणाऱ्याने कापडाच्या कडेने चालत जायचे, कुठे थांबायचे, कुठे मागे यायचे हे त्याचे त्याने ठरवायचे. मालिकेच्या भागात ही मुभा नसते. तिथे थांबण्याची जागा निर्माता ठरवतो, आणि नव्या मालिकेत नेमक्या त्या जागी कृष्ण उभा केला आहे.

मूळ आणि भाष्य वेगळे ठेवण्याचे हे पथ्य फक्त टीकाग्रंथांपुरते नव्हते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. हेच एकनाथ भागवतावर हजारो ओव्यांची टीका लिहीत होते, रामायण नव्याने सांगत होते, भारुडे रचत होते. म्हणजे नवे सांगण्याला त्यांचा विरोध नव्हता, दुसऱ्याच्या तोंडी आपले वाक्य घालण्याला होता. आजही बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या हरिनाम सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला बसले की हे पथ्य कानांना कळते. महाराज अभंग लावतात, टाळकरी तो उचलतात, मग निरूपण सुरू होते. निरूपणात दृष्टान्त येतात, राजकारण येते, पोरांच्या मोबाईलवर टोमणे येतात, अलीकडे तर नको इतके विनोद येतात. पण चरण म्हणायची वेळ आली की चाल बदलते, टाळ वाजतात, आणि न शिकलेल्या माणसालाही कळते की आता तुकोबा बोलताहेत, मघाशी महाराज बोलत होते. महाराजांचे पटले नाही तर माणूस मांडवातून उठून जाताना महाराजांना नावे ठेवतो, तुकोबांना नाही. नव्या महाभारतात ही चाल बदलतच नाही. तोच नट, तोच मोरमुकुट, तोच स्वर. कोणते वाक्य परंपरेतून आले आणि कोणते कथालेखकाने गेल्या आठवड्यात लिहिले, हे ओळखायला प्रेक्षकाजवळ काही साधन नाही.

लोकांनी उत्तरे घडवली नाहीत असे मात्र नाही. भीष्म शरपंजरी धर्म सांगत असताना द्रौपदी हसते, ही गोष्ट कीर्तनांत आणि प्रवचनांत सर्रास ऐकू येते. भीष्म कारण विचारतो. ती म्हणते, त्या दिवशी सभेत हे ज्ञान कुठे होते? भीष्म सांगतो की दुर्योधनाचे अन्न पोटात होते म्हणून बुद्धी मलिन झाली होती, आता अर्जुनाच्या बाणांनी ते रक्त वाहून गेले. व्यासांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही. उत्तर म्हणून ती तशी तकलादूच आहे, कारण दोष अन्नावर ढकलला की विचार करण्याची जबाबदारी भीष्माच्या खांद्यावरून उतरते. पण ज्याने कोणी ती प्रथम रचली त्याला शांतिपर्व आणि सभापर्व यांच्यातली ती रिकामी जागा अचूक दिसली होती, आणि त्याने तिथे उपदेशक न बसवता द्रौपदीला हसवले. प्रश्न ज्याचा होता त्याच्याच तोंडी तो परत आला. पुनर्कथनाने चुकीचे उत्तर दिले तरी चालते, प्रश्न विचारणारे माणूस गायब झाले की मात्र काही उरत नाही, असे मला या गोष्टीवरून वाटते.

अभ्यासू मंडळींचा आक्षेप वेगळाच असतो. ते म्हणतात की मूळ महाभारत असे काही नाहीच. जय, भारत, महाभारत अशी त्याची वाढ झाली. वैशंपायनाने जनमेजयाला सांगितले, सौतीने शौनकाला, आणि प्रत्येक प्रांतातल्या लेखनिकाने आपापली भर घातली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. त्यात द्रौपदीने सभेत कृष्णाचा केलेला धावा मुख्य संहितेतून तळटीपांत गेला. वस्त्रे येत राहतात, पण ती कोणी पुरवली याचा उल्लेख नाही. मग २०१३चा कृष्ण हा आणखी एक थर, एवढेच. हा आक्षेप अर्धा मान्य आहे. मुळाचा हट्ट धरून काही हाती लागत नाही. बीडकरांना तर हे सांगायलाच नको. परळीचे वैजनाथ आणि झारखंडमधले देवघर यांपैकी खरे ज्योतिर्लिंग कोणते हा वाद कितीही चालो, महाशिवरात्रीला परळीची रांग त्याने तसूभर कमी होत नाही. पण थर आणि थर यांत फरक असतो. जुन्या लेखनिकांनी जोडले तरी आधीचे खोडले नाही. धावा घालणाऱ्याने भीष्माची कबुली तशीच ठेवली, विकर्णाचे म्हणणे काढून टाकले नाही, अर्जुनाचे वाक्य गाळले नाही. त्यामुळे एकाच सभेत देवाची कृपाही आहे आणि देव आला तरी न सुटलेला कायद्याचा पेचही आहे, आणि दोन्ही एकमेकांना छेद देत राहतात. महाभारत वाढले ते विसंगतींसकट वाढले. रोजच्या तात्पर्याचा थर असा नाही. विसंगती दिसली की ती गुळगुळीत करणे हेच त्याचे काम.

चोप्रांच्या मालिकेला मी झुकते माप देतो आहे, असेही कोणी म्हणेल. तिच्यातही गफलती होत्याच. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदी त्याला आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवते, हे संस्कृत महाभारतात नाही. तिथे हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. मालिकेने ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी घातले, घराघरांत पोचवले आणि पुढच्या अनर्थाचे खापर एका बाईच्या जिभेवर फोडण्याची सोय करून ठेवली. हा दोष मोठा आहे आणि काळाच्या निवेदनाने तो धुतला जात नाही. माझा मुद्दा जुनी मालिका निर्दोष असल्याचा नाहीच. मुद्दा असा की तिथला दोष दाखवता येतो. ते वाक्य कथेतल्या एका पात्राचे आहे, पोथी उघडून ताडून पाहता येते, त्यावर भांडता येते. मराठीत हे भांडण उत्तम झालेले आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीच्या त्या गाजलेल्या प्रश्नालाच तिची चूक ठरवले. कायद्याचा कीस काढण्याऐवजी तिने नुसते न्याय मागून रडायला हवे होते, असा त्यांचा रोख. मला ते मुळीच पटत नाही, आणि पटले नाही तरी बिघडत नाही, कारण ते इरावतीबाईंचे मत आहे हे पुस्तकाच्या पानापानावर स्पष्ट आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाची बाजू इतकी घेतली की सभेत द्रौपदीला तो काय बोलला होता हे वाचकांच्या एका पिढीला आठवेनासे झाले. पण तिथेही पात्रेच आपापली हकीकत सांगतात, आणि कर्ण कर्णाची बाजू घेणार हे शाळकरी मुलालाही कळते. उपदेशक झालेल्या कृष्णाशी असे कोण भांडणार? त्याला विरोध करणे म्हणजे लेखकाला विरोध करणे राहत नाही, ते देवाला विरोध करणे होते. कथालेखकाने आपल्या मताला मिळवून दिलेले हे संरक्षण मला सर्वांत जास्त खटकते.

याचा परिणाम आज डोळ्यांसमोर आहे. त्या बोधाचे तुकडे मालिकेपासून सुटे होऊन मोबाईलवर फिरतात, सकाळच्या स्टेटसवर लागतात, मागे बासरी वाजते. आधी कोणता प्रसंग होता, कोणावर अन्याय झाला होता, याची त्यांना गरज पडत नाही. गीतार्णवाची एक ओवी श्लोकाशिवाय अधांतरी होते, कीर्तनकाराचा दृष्टान्त अभंगाशिवाय लंगडा पडतो, पण हा बोध महाभारताशिवाय मजेत जगतो. जे स्पष्टीकरण ज्याचे स्पष्टीकरण आहे त्याच्याशिवाय चालू शकते, ते त्याचे स्पष्टीकरण कधी नव्हतेच.

एक शेवटची हरकत मी स्वतःच घेतो, कारण ती सर्वांत कठीण आहे. महाभारत स्वतः तरी प्रश्न उघडे ठेवते का? स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तेव्हा दुर्योधन तिथे तेजाने झळकत बसलेला असतो, आणि भाऊ व द्रौपदी कुठे आहेत असे विचारल्यावर त्याला नरकात नेले जाते. दुर्गंधीतून त्यांचे आवाज येतात. तो चिडून देवांना आणि धर्माला दोष देतो, आणि मी यांच्याजवळच राहणार असे सांगून देवदूताला परत पाठवतो. मग इंद्र येतो, सारा देखावा निघून जातो, आणि स्पष्टीकरण मिळते की प्रत्येक राजाला नरक पाहावाच लागतो, शिवाय द्रोणाला फसवल्याबद्दल तुला हा दिखाऊ नरक भोगावा लागला. म्हणजे व्यासांनीही अखेर देवाच्या तोंडून तात्पर्य सांगितलेच की! सांगितले, पण कधी? युधिष्ठिराने धर्माचा धिक्कार करून नरकात राहण्याचा निर्णय घेतल्यावर. इंद्राच्या बोलण्याने तो निर्णय चुकीचा ठरत नाही, तो वाया जात नाही, आणि दुर्योधन स्वर्गात कसा या शंकेचे इंद्राने दिलेले उत्तर वाचून समाधान झालेला वाचक विरळा. १९८८ची मालिका भीष्माच्या मरणाशी संपली आणि २०१३ची धर्मराजाच्या राज्याभिषेकाशी, त्यामुळे या प्रसंगाला दोघींनाही तोंड द्यावे लागले नाही. व्यासांनी मात्र ते दिले, आणि वर जनमेजयालाही गप्प केले नाही. अठरा पर्वे ऐकून झाल्यावर, देवांनी सगळे समजावून दिल्यावर, तो वैशंपायनाला विचारतो की भीष्म, द्रोण, कर्ण आणि बाकीचे तिथे किती काळ राहिले, आणि कर्मे संपल्यावर ते कुठे गेले?